कीर्तन सुटलं का?

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण गळ्यातल्या माळेला हात लावून सांगतो, यातलं काही मी पदरचं घातलेलं नाही.

गेल्या श्रावणातली एकादशी. गाव करमाड.

माझा मावसभाऊ बद्रीनाथ शेंद्र्याला कंपनीत कामाला. जीव मात्र सगळा कीर्तनात. गंगापूरपासून करमाडपर्यंत कुठं कुणाचं कीर्तन आहे, ते कळावं म्हणून त्यानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला होता.

तिथं रोज तेच ते प्रश्न. महाराज कोण? किती वाजता? पंगत आहे का?

दुसरा ॲडमिन सुदर्शन वैतागायचा. "वर जाऊन वाचा की माउली. बोटं दुखतेत का?"

बद्रीभाऊ त्याला म्हणायचा, "अरे, कीर्तनात एकच चरण आपण दहा-दहादा म्हणतो. तवा कुणी म्हणतं का, हे झालंय मघाशी? पहिल्यांदाच इचारल्यासारखं उत्तर द्यावं माणसानं."

त्या एकादशीला गावातलं कीर्तन आटोपलं आणि संध्याकाळी ग्रुपवर एक प्रश्न आला. अनोळखी नंबर. नाव नाही, फोटो नाही.

"कीर्तन सुटलं का?"

भाऊनं लिहिलं, "व्हय माउली, सुटलं. प्रसाद घेऊन सगळे निघाले."

थोड्या वेळानं पुन्हा…

"कीर्तन सुटलं का?"

भाऊनं पुन्हा तेच लिहिलं. तितक्याच मायेनं.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला परत तेच. त्या दिवशी कुठंच कीर्तन नव्हतं.

मग रोजच.

लोकांनी चेष्टा मांडली. "माउली, मांडव सोडला, आचारी गेले, आता तुम्ही बी घरी जा!"

उत्तर द्यायला भाऊ एकटाच उरला.

एकदा त्यानं त्या नंबरला फोन लावला. उचलला गेला. बोललं कुणीच नाही.

लांब कुठंतरी मृदंग वाजत होता. आणि फोनच्या अगदी जवळ…

रडून रडून दमलेलं पोर देतं ना, तसा हुंदका.

"नंबर राहू दे," भाऊनं सुदर्शनला बजावलं.

"भाऊ, लई झालं. लोक ग्रुप सोडायलेत." सुदर्शननं नंबर काढून टाकला.

त्या संध्याकाळी फोन गप्प होता.

योगिनी वहिनी भाकरी थापत होती. भाऊ देवापुढं टाळ घेऊन हरिपाठाला बसला होता. त्यांची पोर संस्कृती, दुसरीत शिकणारी, भिंतीला टेकून चित्र रंगवत होती.

भाकरीची थाप थांबली. जालना रोडवरच्या गाड्यांचा आवाजही… थांबला.

मान वर न करता पोरीनं विचारलं…

"कीर्तन सुटलं का?"

भाऊच्या हातातले टाळ हातातच राहिले.

"माझा मोबाईल बघितलास का गं?"

"कीर्तन सुटलं का?"

"व्हय बाळा… सुटलं."

ती पुन्हा रंगवायला लागली. थोड्या वेळानं परत तोच प्रश्न. तोच सूर.

तेव्हापासून हे रोजचं झालंय. दिवेलागणीला सुरू होतं ते तिला झोप लागेपर्यंत. उत्तर मिळालं नाही तर घास गिळत नाही, नुसती दाराकडं बघत बसते. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. सगळ्या तपासण्या चांगल्या. भाऊनं ज्ञानेश्वरीचं पारायण लावलं, वहिनीनं नवस बोलला. फरक नाही.

घाबरलेल्या सुदर्शननं तो नंबर परत ग्रुपवर घ्यायला बघितला. त्या नंबरवर व्हॉट्सॲपच नाही.

ज्यानं हाकललं, तो सुदर्शन मजेत आहे. ज्यानं रोज उत्तर दिलं, त्याच्याच घरी का यावं हे?

परवा मी करमाडला गेलो होतो. संध्याकाळी संस्कृती चपला घालून उंबऱ्यात उभी.

"कीर्तन सुटलं का?"

"सुटलं बाळा." भाऊचा आवाज अजून प्रेमळच आहे. डोळे मात्र बघवत नाहीत.

पोरीनं बापाचं बोट धरलं.

"मग मला घरी सोडा ना… काका."

आत वहिनीच्या हातातलं ताट पडलं.

"बाळा, हेच आपलं घर हाय."

तिनं परक्याच्या घरात बघावं तसं सगळीकडं बघितलं. मान हलवली. नाही.

"मग कुठं हाय गं तुझं घर? सांग, मी सोडतो तुला…" भाऊ रडतच खाली बसला.

ती त्याच्याकडं बघत राहिली. मग…

"कीर्तन सुटलं का?"

आता कुठंही कीर्तन सुटलं की मी शेवटपर्यंत थांबतो. मांडवात मागं फिरून बघतो, कुणाचं पोर झोपून राहिलं नाही ना.

मांडव रिकामा असतो.

तरी तिथून पाय निघत नाही.