नमुना एकोणीस

"सरका जरा… तुमच्या केसांची सावली पडतेय काचेवर," तो पुटपुटला.

"मग उद्यापासून केस घरी ठेवून येऊ?" ती म्हणाली.

ओळख झाली ती अशी. तो आतड्यातल्या जिवाणूंचा संशोधक, ती त्यांची चित्रं काढणारी. पुस्तकासाठी एकाच आजारी पोटाची आठ चित्रं हवी होती, आतला समतोल हळूहळू कसा ढासळतो ते दाखवणारी. दोन जोड्या भिंगांच्या सूक्ष्मदर्शकातून दोघांनी एकदम बघायचं होतं. दोघांनी वाकायचं, एकच जग बघायचं. इतक्या जवळून तिच्याशी आजवर फक्त दातांचा डॉक्टर बोलला होता!

काचेवर 'नमुना एकोणीस' आणि तारीख एवढंच लिहिलेलं असे. कुणाचा, ते विचारायचं नाही असा तिथला नियम. तिनं एकदा विचारलंच, तर प्रयोगशाळेतल्या ताई घाईघाईनं बाटल्या पुसायला लागल्या… आधीच पुसलेल्या.

पहिल्या काचेत नुसती झुंबड होती. जांभळे गोल, गुलाबी काड्या, सगळे गुण्यागोविंदानं. तिसऱ्या काचेत गोल विरळ झाले. पाचवीत गुलाबी काड्याच काड्या — दाटीनं, एकाच बाजूला तोंड करून, कुणाची तरी वाट बघत असल्यासारख्या… बाकी चिटपाखरू नाही. तिच्या अंगावर सर्रकन काटा आला.

आणि त्या तारखा! तो ज्या आठवड्यात रजेवर, त्या आठवड्याची काच नसायची. शिवाय त्याच्या कमरेच्या पट्ट्याला चित्रागणिक एक नवं भोक.

सहाव्या चित्रात तिनं गुपचूप जांभळे गोल भरले. भरपूर.

"हे कुठून आले?"

"माझ्याकडचे घातले."

"जे नाही ते काढायचं नाही, चित्रकारबाई," तो हसला. गालांची हाडं तेवढी हसल्यासारखी दिसली.

"बरं. खरं तेच बोलते मग." तिनं ब्रश ठेवला. "हा एकोणीस नंबर तुम्ही आहात."

तो काचेवरून नजर काढेना. "दोनच चित्रं राहिलीत… ती झाली की जातो ना दवाखान्यात."

"ती दोन मी काढणार नाही."

"अहो, पण पुस्तक—"

ताईंच्या हातातली बाटली थांबली.

"तुम्ही मरताय, डॉक्टर," ती म्हणाली. "आणि मला तुम्ही हवे आहात."