बाभळीखालचा ठराव

"या वाटंवर आमची म्हैस सोडली ना, तरी ती एकटी दरीच्या टोकाला जाईल, हवा खाईल अन् दीड तासात माघारी येईल!" विठ्ठलरावांनी टेबलावर थाप मारली.

विठ्ठलराव म्हणजे 'बालाघाट डोंगरवाट सेवाभावी संस्थे'चे अध्यक्ष. सचिव राधाकिशन आणि खजिनदार बद्रीनाथ यांनी लगेच माना डोलावल्या. तिघंही आधी गावच्या सहकारी दूध संघात होते. पण दोन साल पाऊस नाही, चारा नाही, म्हशी आटल्या, आणि त्यांच्यापाठोपाठ दूध संघही आटला. आटली नव्हती ती बैठकांची सवय. मग तिघांनी धारूरच्या डोंगरात लोकांना फिरायला पायवाट करायची म्हणून ही संस्था काढली आणि पहिल्या महिन्यात सव्वीस बैठका घेतल्या. वाटेवर मात्र तिघांपैकी एकही कधी चालला नव्हता.

म्हैस काही गेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गावातली तीन पोरं, केशर, सिदू आणि सुग्रीव, गेली, आणि तीन तासांनी तिसऱ्यांदा त्याच वाकड्या बाभळीपाशी येऊन उभी राहिली!

"बघा, मी आधीच म्हणलो होतो!" सिदू म्हणाला.

"काय म्हणला होतास?"

"आठवत न्हाई. पण म्हणलो होतो!"

"मला लई भूक लागली," सुग्रीव म्हणाला. सुग्रीव काडीसारखा बारीक होता, आणि त्याला सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत भूक लागायची.

केशर मात्र बाभळीखालच्या चपट्या दगडाकडे बघत होती. त्या दगडावर चुन्यानं बाण काढलेला होता. तिच्याच आईनं, छबुबाईनं. लहानपणापासून या डोंगरात शेळ्या राखल्यामुळं छबुबाईला इथला दगड न् दगड ओळखीचा होता. म्हणून वाट तिनंच आखली होती, आणि बाभळीखालचा बाण सरळ वर, दरीच्या टोकाकडं ठेवला होता.

"सिदू, आपण पहिल्यांदा आलो तवा बाण कुणीकडं होता?"

"डावीकडं. म्हणून तर आपण त्या ढाब्यावर जाऊन पोचलो."

"दुसऱ्यांदा?"

"उजवीकडं. सीताफळाच्या बागेत."

"ती वाट चांगली होती," सुग्रीव म्हणाला. त्याच्या खिशात तीन बिया होत्या.

"अन् आता बघ!"

आता बाण खाली गावाकडं वळला होता!

"भूत!" सिदू ओरडला.

"दिवसाढवळ्या? अन् भुताला काय पडलंय दगड फिरवायचं? कुणीतरी माणूस हाय!" केशर म्हणाली. दिवाळीच्या सुट्टीत मजा म्हणून सिदू-सुग्रीव फिरत होते, पण केशरला ही वाट नीट चालायलाच हवी होती. दरसाल दिवाळी झाली की छबुबाई मामाच्या टोळीत ऊसतोडीला जायची. केशरला सोबत जावं लागायचं, आणि तिची शाळा पाच महिने बंद. यंदा पहिल्यांदाच छबुबाईला गावात काम मिळालं होतं, वाट दाखवायचं. वाट चालली तर आई इथं राहणार होती, आणि केशर सातवीची परीक्षा देणार होती. नाही चालली, तर टोळीचा मुकादम बंकट दारात दोनदा येऊन गेलाच होता.

"लपायचं! आत्ताच्या आत्ता!" केशर म्हणाली.

सिदू झटक्यात बाभळीवर चढला आणि त्याहून झटक्यात उतरला. काटे काढण्यात पाव तास गेला. मग तिघं एका मोठ्या खडकाआड बसले.

भर दुपार. गावात सगळे झोपलेले. डोंगरावर एक सरडाही हलत नव्हता. सुग्रीवच्या पोटाचा आवाज तेवढा येत होता.

"गप की!"

"मी कुठं बोलतोय? ते पोट बोलतंय!"

तेवढ्यात फटफटी वाजली. खजिनदार बद्रीनाथ! त्यांनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं, दगड दोन्ही हातांनी धरला आणि गर्रकन डावीकडं फिरवला. डावीकडं त्यांच्या मेव्हण्याचा ढाबा होता.

"कोन येडं फिरवतंय बे हे सारखं!" असं पुटपुटत ते गेले.

अर्ध्या तासानं डोक्यावर छत्री धरून सचिव राधाकिशन आले. त्यांनी दगड उजवीकडं फिरवला. सीताफळाची बाग त्यांचीच होती.

"शेळ्या फिरवत असत्याल," ते छत्रीला म्हणाले, आणि गेले.

सिदूनं तोंडात रुमाल कोंबला होता, तरी त्याचं हसू फुटत होतं. त्यात जीप आली! अध्यक्ष विठ्ठलराव खाली उतरले, हाश्श हुश्श करत वाकले आणि बाण गावाकडं केला. वाट तिकडं वळली की थेट त्यांच्या रसवंतीवर जायची.

"दूध संघाची गाडी अशीच फिरायची," केशर हळूच म्हणाली. "आई सांगती ना, हरेक संचालकाच्या दारावरून जायची. तीन कोसाला सतरा कोस! दूध पोचायचं तवर त्याचं दही व्हायचं!"

* * *

छबुबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापायची थांबली.

"कुणापुढं बोलू नगा," ती म्हणाली. "ते पदाधिकारी हायत. आपलं कोण ऐकणार?"

"कावून न्हाई ऐकणार?" केशर उसळली.

तिला उत्तर संध्याकाळीच मिळालं. केजहून आलेले चार मास्तर टोकाला जायचे ते ढाब्यावर, ढाब्यावरून बागेत आणि बागेतून रसवंतीवर गेले होते. वैतागून त्यांनी वन खात्याकडं तक्रार केली. आता रेंजर मॅडम दुसऱ्या दिवशी चार वाजता पाहणीला येणार होत्या. लोक वाट चुकत असतील तर वाटेची परवानगी रद्द!

विठ्ठलरावांनी पारावर जाहीर केलं, "बाण छबुबाईनं काढले. चुकली ती बाई चुकली. उद्या मॅडमसमोर तिला काढून टाकू, म्हणजे संस्थेवर बालंट नको!"

रात्रभर केशर कूस बदलत राहिली. सकाळी उठली ती थेट सिदूच्या गोठ्यात.

"पोळ्याला बैलांच्या शिंगांना लावलेला हिंगूळ उरलाय का?"

"अर्धा डबा हाय. तेलातला, लालभडक! मागच्या साली माझ्या नाकाला लागला होता, आठ दिवस निघाला नव्हता!"

"बास! तोच पायजे. अन् गावात टँकर कधी येणार?"

"उद्या."

"म्हणजे आज कुणाकडं हात धुवायला पाणी न्हाई!" केशरनं टाळी वाजवली.

"अगं पण करायचं काय?"

"दगड फिरवताना माणूस बोटं कुठं घालतो? कडंखाली! रंग तिथं लावायचा, वरून दिसणार न्हाई. बाण सरळ टोकाकडं ठेवायचा. अन् सिदू, तू तिघांकडं येगयेगळं जायाचं अन् म्हणायचं, मॅडमना चालून चालून तहान लागंल, कुठंतरी थांबतील बहुतेक. एवढंच!"

"एवढंच?"

"एवढंच. पुढचं ते करत्यात!"

रंग लावताना सुग्रीव घसरला आणि दोन्ही गुडघे लाल झाले. सिदूचं नाक याही साली सुटलं नाही. पण दगड मात्र वरून कसा स्वच्छ, जणू काही झालंच नाही!

दुपारी खडकाआडून तिघांनी मोजलं. बद्रीनाथ बाराला आले. राधाकिशन साडेबाराला. विठ्ठलराव एकला. तिघंही दगड फिरवून, हाताकडं न बघता, घाईघाईनं निघून गेले.

* * *

चार वाजता बाभळीखाली गर्दी जमली. रेंजर मॅडम उंच, खाकी कपड्यातल्या आणि कमी बोलणाऱ्या होत्या. छबुबाई पदर घट्ट ओढून बाजूला उभी होती. गर्दीच्या कडेला मुकादम बंकटही विडी ओढत उभा होता.

गंमत म्हणजे तिन्ही पदाधिकारी हात मागं बांधून उभे होते. बद्रीनाथांनी हात मातीत घासले होते, राधाकिशननी धोतराला पुसले होते, त्यामुळं धोतर मागून लाल होतं. विठ्ठलरावांनी रॉकेल लावलं होतं. त्यांना आता रॉकेलचाही वास येत होता.

"बाण खाली गावाकडं कसा?" मॅडमनी विचारलं.

"बाईची चूक, मॅडम!" विठ्ठलराव म्हणाले. "आमी तर इकडं फिरकतबी न्हाई!"

"आमी तर न्हाईच!" राधाकिशन आणि बद्रीनाथ म्हणाले.

छबुबाईनं केशरचा दंड धरला, पण ती सुटून पुढं आली.

"विठ्ठलअण्णा, मग माझ्या आईला काढायचा ठराव घ्या की! मॅडमसमोरच! तुमच्या संस्थेत ठरावाशिवाय काही होत न्हाई ना?"

'ठराव' म्हणताच विठ्ठलरावांचा चेहरा उजळला. वीस वर्षांची सवय! त्यांनी घसा खाकरला.

"छबुबाईला आजपासून कामावरून कमी करण्यात यावं. ठराव मंजूर असंल त्यांनी हात वर करा!"

आणि तीन हात वर गेले!

तीन पंजे. लालभडक! पोळ्याच्या बैलाच्या शिंगांसारखे!

मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हे काय?" मॅडम म्हणाल्या.

"मेंदी!" बद्रीनाथ म्हणाले.

"टोमॅटो!" राधाकिशन म्हणाले.

विठ्ठलराव बाकी दोघांच्या हातांकडं बघत होते. "बद्र्या! तू फिरवत होतास व्हय बे?"

"अन् तुमी, अण्णा?" राधाकिशन म्हणाले. "मी समजत होतो शेळ्या फिरवत्यात!"

"मला शेळी म्हणतोस?"

सिदू आणि सुग्रीवनं दगड उलटा केला. कडेखाली बोटांचे ठसे होते, एकावर एक, तीन जणांचे. केशरनं दोन दिवसांत पाहिलेलं सगळं सांगितलं: ढाबा, बाग, रसवंती, वेळ, छत्री, जीप. एक अक्षर वाढवलं नाही, एक सोडलं नाही.

मॅडम छबुबाईकडं वळल्या. "बाई, खरी वाट कोणती?"

छबुबाईचा पदर डोक्यावरून घसरला, तिनं तो सावरला नाही. हात सरळ वर केला. "ही, मॅडम. पाऊण तास. मधी करवंदीची जाळी, मग खडक, मग टोक. डोळं झाकून नेते."

"डोळे उघडे ठेवूनच चला. सगळे चला," मॅडम म्हणाल्या. "आणि हे तिघं पुढं."

अशा रीतीनं संस्थेच्या पदाधिकाऱ्यांनी आपली वाट पहिल्यांदा पाहिली. बद्रीनाथ तीनदा बसले. राधाकिशननी छत्रीची काठी केली. पण ढाबा नाही, बाग नाही, रसवंती नाही, आणि पाऊण तासात सगळे टोकावर! खाली अख्खा दुष्काळ पसरलेला होता, पिवळा, करपलेला, आणि तरीही बघत राहावा असा. वारा सुटला तशी विठ्ठलरावांनीसुद्धा टोपी काढून हातात घेतली.

"अण्णा, हे असं हाय व्हय?" बद्रीनाथ हळूच म्हणाले.

मॅडमनी तिथंच परवानगी कायम केली. अट एकच: वर्षभर वाट छबुबाईच्या ताब्यात, आणि दगडाला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. "आणि या तीन पोरांना माझी शाबासकी!" त्या म्हणाल्या. "मोठ्यांना जे चार महिन्यांत जमलं नाही, ते यांनी दोन दिवसांत केलं!" विठ्ठलरावांनी घसा खाकरून पोरांच्या अभिनंदनाचा ठराव मांडला. मंजूर म्हणून हात मात्र कुणी वर केला नाही. सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या.

"छबुबाई, मग यंदा तुजं नाव कमी करू का टोळीतून?" दमलेल्या बंकटनं विचारलं.

"कर," छबुबाई म्हणाली. "केशरचं बी."

मॅडमनी वाटेसाठी एक कोरी वही दिली. त्यातली पहिली नोंद केशरच्या अक्षरात आहे:

'निघाली माणसं: चाळीस. टोकावर पोचली: चाळीस. वाट चुकले: कोणी नाही. अध्यक्ष फोटोसाठी दोन पावलं मागं सरकले आणि निवडुंगात बसले. घरी उभ्यानं गेले.'