रोस्टॉक म्हणजे कुठे?

"बाबा, ऐका तरी! क्लाउस अंकलचा आवाज बघा कसा येतोय!"

जाईने फोन बाबांच्या कानाला लावला. शेजारच्या जर्मन आजोबांचा व्हॉइस मेसेज होता. "जाई, मी रोस्टॉकला आलोय. काळजी नको." मागे कोणीतरी खेकसलं आणि आवाज तुटला.

"रोस्टॉक त्यांचं गाव ना? मग गेले असतील गावी," लॅपटॉपवरून नजर न काढता बाबा म्हणाले.

"एका तासात जर्मनी? कॅनॉट ला, शक्यच नाही!" वरच्या मजल्यावरचा तिचा मित्र रत्नदीप म्हणाला. "नाश्त्याला तर इथेच होते!"

पण बाबांची मीटिंग सुरू झाली होती.

जिना उतरताना जाई थबकली. "रत्ना, त्या नावाचा अर्थ काय सांगितला होता त्यांनी?"

"तिथे आधी स्लाव लोक राहायचे. त्यांच्या भाषेत 'रोझ' म्हणजे वेगळं आणि 'टोक' म्हणजे प्रवाह. जिथे पाणी फाटून वेगळं होतं..."

"कालवा!" दोघं एकदम ओरडली. त्यांच्या कॉन्डोच्या इमारतीमागचा कालवा एका बंद गोदामापाशी दुभंगायचा. अंकल तिथेच त्यांना गप्पी मासे पकडायला न्यायचे!

सायकली पिटाळत दोघं तिथे पोहोचली. फुटक्या खिडकीतून जाईने आत पाहिलं. अंकल खुर्चीला बांधलेले होते. कपाळातून रक्त वाहून पांढरी दाढी लाल झाली होती. बाजूच्या पोत्यांत तस्करीची जिवंत कासवं वळवळत होती.

"आमचे फोटो काढतोस? कॅमेरा कुठाय?" एका दांडगटाने अंकलच्या पोटात लाथ घातली. दुसऱ्याने लोखंडी सळई उचलली.

रत्नदीपने कुजबुजत ९९९ वर पोलिसांना पत्ता सांगितला. "पोलीस निघालेत, जाई. थांबायला सांगितलंय."

सळई खांद्यावर आदळली. हाड मोडल्याचा आवाज बाहेर आला. अंकल किंचाळले. सळई पुन्हा वर गेली, या वेळी डोक्याचा नेम धरून!

रत्नदीपने खिडकीतून वीट भिरकावली. ती सळईवाल्याच्या कानशिलावर बसली आणि तो कोसळला. दुसरा धावत बाहेर आला. त्याने जाईला केसांना धरून भिंतीवर आपटलं. तिच्या तोंडात रक्ताची चव आली. तिने त्याच्या मनगटाचा असा कडकडून चावा घेतला की तो बोंबललाच! रत्नदीपने सायकल सरळ त्याच्या गुडघ्यांवर घातली. तोल जाऊन तो कालव्यात पडला. वर चढू लागला, तर दोघांनी विटांचा मारा सुरू केला. सायरन ऐकू येईपर्यंत दोघांचे हात थांबले नाहीत.

संध्याकाळी हॉस्पिटलमध्ये अंकलच्या खांद्याला प्लास्टर होतं, जाईच्या ओठाला टाके. बाबा तिचा हात सोडत नव्हते.

"पोलिसांनी थांबा म्हटलं की थांबायचं," इन्स्पेक्टरबाई करड्या आवाजात म्हणाल्या. मग दोघांच्या खांद्यांवर हात ठेवून हळूच म्हणाल्या, "पण आज तुम्ही थांबला असता, तर आम्हाला इथे हे आजोबा जिवंत दिसले नसते. शाबास, पोरांनो!"

तेव्हा कुठे जाईला रडू फुटलं.