हाका न मोजणारा प्रोग्राम

‘रोहिणी’ यानातली वीज क्षणभर गेली आणि शीतनिद्रेतल्या सहा जणांपैकी दोघे जागे झाले. निदान पडद्यावर तरी तसंच दिसत होतं. जाग आली की शीतकोशातलं बटण दाबायचं, त्याचा संकेत प्रोग्रामला जायचा आणि प्रोग्राम झाकण उघडायचा. दोन झाकणं उघडली होती आणि एकही संकेत बाकी नव्हता.

“चला, सुटलो,” यानाच्या नियंत्रण कक्षात पाळीवर असलेले डॉ. मुजावर म्हणाले.

यामिनी खेडेकर जागची हलली नाही. हा प्रोग्राम तिनेच ‘सी’ या संगणकभाषेत लिहिला होता. थकव्याने तिच्या डोळ्यांची आग होत होती.

“कसले सुटलो, डॉक्टर? एक कोश उघडायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ प्रोग्राम दार लावून बसतो, कुणाचंच ऐकत नाही. मध्येच लुडबुड नको म्हणून मीच तसं केलंय. अडलेल्या संकेतांची तो फक्त एक खूण ठेवतो. एकाने दाबलं तरी एक, चौघांनी दाबलं तरी एकच. त्या खुणेवर दुसरं झाकण उघडलं, बाकीचे संकेत हरवले असतील.”

“मग राहिलेले पुन्हा दाबतील की!”

“नाही दाबणार. सरावात सगळे देवळातल्या घंटेसारखं बटण बडवायचे. वैतागून मीच दम दिला होता, एकदाच दाबा आणि गप पडून राहा.”

“मग उघड सगळी झाकणं.”

“झोपलेल्याचं उघडलं तर हृदय बंद पडेल, हे तुम्हीच सांगितलंत ना?”

जागा माणूस मिटलेल्या कोशातल्या हवेवर जेमतेम दोन तास तगतो, हेही डॉक्टरांनीच सांगितलं होतं. उरलेल्या चौघांत यामिनीचा नवरा होता.

तिने ध्वनिक्षेपक सुरू केला. “नीट ऐका. एकाचं झाकण उघडेपर्यंत बाकीच्यांना खोळंबावं लागेल. मी ज्याचं नाव घेईन, त्यानेच दाबायचं.” आणि तिने बेधडक पहिलं नाव नवऱ्याचं घेतलं. “दिवाकर.”

संकेत आला नाही. म्हणजे झोपलाय. तिला इतकं हायसं वाटलं की रडूच फुटलं.

मग निरुपमाचा संकेत आला. ती बाहेर आल्यावर जोसेफचा. सुहासकडून काही आलं नाही.

“दोघं झोपलेत,” डॉक्टर म्हणाले. “आता तूही जरा पड.”

यामिनी उठली, दारापर्यंत गेली आणि थबकली. संकेत आला नाही म्हणजे माणूस झोपलाय, असं तिने धरलं होतं. पण मुद्दाम बटण न दाबणाराही तेवढाच गप्प असतो. आणि दिवाकर म्हणजे घरच्या लग्नातसुद्धा शेवटच्या पंगतीला बसणारा माणूस. बाकीचे खोळंबतील, हे तिनेच त्याला ऐकवलं होतं.

ती धावत परतली. “दिवाकर, जागे झालेले सगळे बाहेर आलेत. आता तुझ्यामागे कुणी नाही.”

पडद्यावर संकेत उमटला.

“अरे गाढवा,” म्हणत ती तिथेच खाली बसली. प्रोग्रामने दार लावून घेतलं होतं. आता वीस मिनिटं तिच्या हातात काहीच नव्हतं, आणि कोशातल्या हवेचा हिशोब तिला करवेना.