रुपराव बाहेर

मी भित्री नाही, हे आधीच सांगून ठेवते. आमच्या महाल मोहल्ल्यातल्या घरात पाल निघाली की अजूनही सगळे मलाच हाक मारतात. तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मधे नको.

पंचाहत्तर सालचा मे महिना होता. मी एम.टेक. करत होते, विजेच्या शाखेत एकटी मुलगी. माझ्याबरोबर संशोधनाला रुपराव होता. रामटेककडच्या धान पिकवणाऱ्या घरातला, अबोल आणि कामाला वाघ. विजेच्या खांबावर चिनी मातीच्या वाट्या असतात ना, त्यांच्यावर कोळशाची धूळ बसली की किती दाबाला ठिणगी उडते, ते आम्ही मोजत होतो. उन्हाळ्यात कॉलेज सकाळचं. नंतर सगळीकडे सामसूम, हवा कोरडी खडखडीत, म्हणून आम्ही भर दुपारीच काम करायचो. त्या दिवशीही जेवण उरकून मी सुरई भरून घेतली आणि प्रयोगशाळेत गेले.

उन्हासाठी खिडक्या बंद केलेल्या, आत एकच पिवळा दिवा. मधोमध माणसापेक्षा उंच जाळीचा पिंजरा, त्यात ट्रान्सफॉर्मर आणि टांगलेली वाटी. आत माणूस असताना बटण दाबलं तर त्याचा कोळसाच व्हायचा. आणि कोण्या शहाण्यानं बटणाचं टेबल भिंतीच्या आड ठेवलेलं, तिथून पिंजरा दिसायचाच नाही. दार उघडं राहिलं तर वीज आपोआप तुटेल, असलं काही तेव्हा आमच्याकडे नव्हतं. म्हणून आम्ही एक रीत पाडली होती. रुपराव आत जाऊन वाटी पुसायचा, नवी धूळ लावायचा, बाहेर येऊन दार लावायचा. मी विचारायची, "सोडू का?" त्यानं स्वतःचं नाव घेऊन सांगायचं, "रुपराव बाहेर. सोडा, बाई." नाव ऐकल्याशिवाय मी बटणाला बोट लावत नसे.

दोन-तीन वाट्या नीट झाल्या. रुपराव पुन्हा आत गेला. बाहेर लू, दुपारचा झळांचा वारा, सुटली होती, छताचे पत्रे कडकडत होते. मी पेल्यात पाणी ओतून घेत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"रुपराव बाहेर. सोडा, बाई."

मी अजून विचारलंच नव्हतं.

मला रागच आला. कसली घाई लागली याला? रीत म्हणजे रीत. चांगली खरडपट्टी काढावी म्हणून मी तरातरा उठले आणि भिंतीला वळसा घालून पलीकडे गेले.

रुपराव आतच होता. पाठमोरा, दोन्ही हातांनी वाटी पुसत. आधी विचारायचं, मगच बटण दाबायचं ही सवय नसती, तर मी केव्हाच बटण दाबून बसले असते.

"रुपराव... आत्ता तू बोललास?"

"नाही जी." तो वळला. "तुमीच तं म्हनाल्या, आतच राहा, अजून पूस म्हनून. मी पुसूनच राहिलो. काहून, काय झालं?"

"मी काही बोलले नाही..."

आणि ज्या टेबलावरून मी उठून आले होते तिथून माझाच आवाज आला, अगदी माझ्याच तोऱ्यात.

"सोडू का?"

"बाहेर ये," मी म्हणाले. "बाहेर ये गा... लवकर..."

तो पाऊल उचलणार, एवढ्यात पिंजऱ्यातूनच उत्तर गेलं. रुपरावचे ओठ मिटलेले होते, मी त्याच्याकडेच पाहत होते.

"रुपराव बाहेर. सोडा, बाई."

ट्रान्सफॉर्मर घुमायला लागला. दिवा मंदावत मंदावत विझल्यासारखा झाला. ठिणगी पडायच्या आधी येतो तो उग्र वास नाकात शिरला. आता तो मरतो, एवढंच मला कळत होतं. मी दारातून आत हात घातला, अंधारात एक मनगट हाताला लागलं, ते गच्च धरून ओढलं आणि धावत सुटले. बाहेरच्या दाराजवळ मेन स्विच होता, त्याचा दांडा खाली खेचला. घुमणं थांबलं.

मग मागून, पिंजऱ्याकडून, दबक्या आवाजात कोणीतरी म्हणालं,

"बाई... मी आतच आहो... थांबा ना जी..."

माझ्या मुठीतलं मनगट मुठीतच होतं. मी मागे वळले नाही. वळायची हिंमतच झाली नाही. दार ढकललं आणि आम्ही दोघं कडुलिंबाखाली येऊन उभे राहिलो. उन्हानं डोळे दिपले, मग दिसायला लागलं. रुपरावच होता. कोळशानं काळे झालेले हात, तोच घामट सदरा.

"आतून तू हाक मारलीस?" मी विचारलं.

त्यानं नुसती मान हलवली, नाही म्हणून.

चौकीदाराला घेऊन चार माणसं आत जाऊन आली. पिंजरा रिकामा होता. आमच्या संशोधनाचे सर म्हणाले, ऊन लागलं दोघांना, कांदा फोडून हुंगा आणि घरी जा. मलाही तेच पटवून घ्यायचं होतं. पण रुपराव तेव्हापासून बोलेनासा झाला. जेवायचा, झोपायचा, हाक मारली की बघायचा. माझ्या मनात एकच घोळत होतं, मी ओढून आणला तो रुपरावच ना? शेवटी राहवेना, म्हणून पुढच्या आठवड्यात बसनं त्याला त्याच्या गावी पोचवायला गेले.

त्याची आई, जिजाबाई, अंगणात तांदूळ पाखडत होती. तो पुढे झाला आणि तिच्या पाया पडायला वाकला.

तिनं पाय मागे घेतले. सूप खाली ठेवून बाजूनं निघाली, माझ्याजवळ आली आणि माझा हात धरून हळूच म्हणाली, "पोरी... हा कोन आनला वं तू? माहा रुपराव कुठं ठेवला?"

तो अजून वाकलेलाच होता.