पोहोचायला चार मिनिटं

दिवे येईपर्यंत ऐका. आपल्या चौलचा हरेश्वर मास्तर, तुम्हाला गणित शिकवायचा तोच, त्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. याच ओट्यावर बसून त्याने सांगितलं.

मागच्या डिसेंबरची अकरा तारीख, गुरुवार. मुरुडला त्याची बहीण बाळंत झालेली. तिला डिंकाचे लाडू देऊन मास्तर एकटाच परत निघाला तेव्हा नऊ वाजले होते. गाडी बॅटरीवरची. ती त्याला दिलेली सुजितने. सुजित म्हणजे पहिलीपासून एका बाकावर बसलेला, आता अलिबागला जुन्या गाड्यांचा धंदा. म्हणाला होता, डॉक्टरांची गाडी आहे, घर ते दवाखाना, बाकी कुठे फिरलीच नाही. मास्तरने कागदसुद्धा धड पाहिले नाहीत. सुजितचे कागद काय तपासायचे?

महिन्याभरात गाडीतली ती मोठी स्क्रीन गेली. एसी तिच्यावर, नकाशा तिच्यावर, रेडिओ तिच्यावर. बोटाने कितीही दाबा, काळी ती काळीच. तीनदा सुजितकडे नेली. दर वेळी तो हसून म्हणायचा, सॉफ्टवेअर आहे रे, येईल आपोआप. शेवटी मास्तरने नाद सोडला. गाडी पळत होती ना, बस झालं.

काशीद मागे पडलं. कोर्लईच्या पुढे रस्त्यावर चिटपाखरू नाही, आणि स्क्रीन लागली.

मास्तरला आधी बरंच वाटलं. मनात म्हणाला, खरं बोलला की सुजित.

नकाशा आला. वर एकच शब्द, 'घर'. पण निळी रेघ चौलकडे जात नव्हती. साळावच्या अलीकडे वळून खाडीत उतरत होती. थेट पाण्यात. खाली लिहिलेलं, पोहोचायला चार मिनिटं. मग फोन जोडल्याची खूण आली, आणि एक नाव. आरोही.

मास्तरच्या घरात आरोही कोणी नाही.

त्याने गाडी कडेला घेऊन बंद केली. स्क्रीन चालूच राहिली. सुजितला फोन लावला.

"सुजित, आरोही कोण?"

 पलीकडून अगदी हळू...

"तुला नाव कोणी सांगितलं?"

मास्तरने सांगितलं, स्क्रीनवर आलंय.

"एकच रात्र होती रे गाडी पाण्यात. मी सगळी सुकवून घेतली होती. नीट..."

"आणि ती?"

फोन बंद झाला.

मास्तर सांगत होता, त्या क्षणी भीती वाटलीच नाही. आधी लेक आठवली. त्याची लेक रोज त्या गाडीतून शाळेत जायची. परतताना मागच्या सीटवर झोपायची. हे सुजितला ठाऊक होतं. त्याच्याच मांडीवर खेळलेली पोर.

मग त्याची नजर स्क्रीनवर गेली.

तीन मिनिटं.

गाडी तर उभी होती.

दोन...

मागची सीट करकरली. कोणी पुढे वाकावं तशी.

एक...

दार उघडून तो पळाला. वळून पाहिलं नाही. साळावचा पूल ओलांडून, अंधारात चालत, पावणेबाराला घरी पोचला.

सकाळी तो गणराज मेकॅनिकला घेऊन गेला. गाडी जागच्या जागी, स्क्रीन काळी. सुजितचा फोन लागेना, दुकानालाही कुलूप. आजतागायत आहे. गणराज म्हणाला, आधी ही स्क्रीन काढू. चारी बाजूंनी उचकटली, उलटी केली... आणि त्याचा हात थांबला.

मागच्या बाजूला, खडकावर धरतात तशी, कालवं धरली होती, शिंपल्यांसकट. सात-आठ, जरा उघडी.

गणराजने एकाला बोट लावलं.

ते मिटलं.