इलंडला तहान नसते

ही घडलेली गोष्ट आहे. खोटी वाटेल त्याने त्सुमक्वे गावाच्या पूर्वेला जाऊन म्हाताऱ्या खुंताला विचारावं. तो उत्तर देणार नाही. पण विचारावं.

पाऊस लांबला होता. भर दुपार. सावलीसुद्धा तापलेली.

त्या दुपारी देबेने इलंडला बाण मारला.

इलंड म्हणजे हरीणच, पण बैलाहून थोराड. गळ्याखाली कातडीची पोळी लोंबते. आणि चालताना पुढच्या गुडघ्यांतून आवाज येतो... टक... टक...

नर जितका मोठा, तितका आवाज जड. दुसरे नर तो ऐकूनच वाट सोडतात. मारामारीचे कष्ट वाचतात.

हा आवाज फार जड होता.

बाण बरगडीखाली रुतला. पातं आत राहिलं, दांडी गळून पडली. इलंड पळालं. देबेने दांडी उचलली आणि त्याचं तोंड कडू झालं.

दांडीवर खूण कशेची होती.

कशे त्याचा साडू. दोघेही खुंताचे घरजावई. शिकार करायची आणि सासऱ्याला पोसायचं. भात्यात एकमेकांचे बाण असतातच. पण बाण ज्याचा, मांस त्याचं. वाटायचं त्याने, मान त्याचा.

देबेच्या हाती बरेच दिवस रानकोंबड्यांपलीकडे काही लागलं नव्हतं. आमच्यात सासरा जावयाशी सरळ बोलत नाही, म्हणून खुंता कुत्र्याला सांगायचा, "बाबा रे, तू तरी काही आण. तुला मी मुलगी दिलेली नाही, तरी आण."

आणि आता एवढं मोठं धूड कशेच्या नावावर जाणार.

बाणाच्या पात्याला लावलेलं विष हळू चढतं. तोवर शिकाऱ्याने जनावरासारखं आजारी पडायचं असतं. लंगडत घरी यायचं. खायचं नाही, प्यायचं नाही, हसायचं नाही. याने खाल्लं-प्यायलं, की ती ताकद जनावराच्या अंगात जाते. हा पडून राहिला, की ते पडतं.

देबे धावत घरी आला.

मूठमूठभर मोंगोंगोचे, रानातल्या फळांचे दाणे खाल्ले. घटाघटा पाणी प्यायला. वर थोडा नाचला.

"अहो, अंगात आलंय का?" बायकोने, दिकाओने विचारलं.

"भूक लागलीय. अजून आण."

पळू दे कशेचं मांस, तो मनात म्हणाला. जाऊ दे पार समुद्रापर्यंत.

ते गेलं नाही.

पुढे एका दुपारी देबेने दाणा तोंडात टाकला, आणि काटेरी झुडपांमागे...

टक.

त्याचं चावणं थांबलं. आवाज थांबला.

त्याने घास गिळला.

टक... टक...

कशे उठून बघायला गेला. परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"खूर खोल रुतलेत. मोठा नर आहे, एका अंगाला कललेला. बाण खाल्लाय. पण वाटेत एक पान कुरतडलेलं नाही. लेंडी नाही. रक्त सांडलंय, त्यावर माशी नाही."

देबेने झोपडीच्या गवतातून दांडी काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

कशेने ती उलटसुलट पाहिली. "माझी."

"हो."

"म्हणजे साडूभाऊ, इतके दिवस तुम्ही स्वतः जेवून माझं मांस पळवताय?"

एरवी सगळे हसले असते.

खुंताने कुत्र्याकडे पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो जावयाशी सरळ बोलला. "तू त्याला मरू दिलं नाहीस आणि जगूही दिलं नाहीस. आता पडून राहा. थेंबही नको."

देबे पडून राहिला.

टक... टक... तळाभोवती फेऱ्या. पण संथ होत चाललेल्या.

"यायचं तर ये," देबे फाटल्या ओठांनी पुटपुटायचा. "आधी तू पडशील."

खुंताला ते पटत नव्हतं. "इलंडला पाणी लागत नाही," तो म्हणाला. "पाल्यातल्या ओलाव्यावर राहतं. उन्हात अंग तापू देतं, पण घाम गाळत नाही. ती गरमी संध्याकाळी सोडून देतं. तहानेची पैज त्याच्याशी लावायची नसते."

दुपारी दिकाओने नवऱ्याच्या कपाळाला हात लावला आणि झटकन काढला. चुलीतला दगड. घामाचा टिपूस नाही. संध्याकाळी अंग गार पडलं. दुसऱ्या दुपारी पुन्हा तसंच तापलं.

आणि मग...

टक...

बराच वेळ काही नाही.

टक...

धप्प.

जमीन हादरलेली सगळ्यांना जाणवली. कशे सुरी घेऊन पळाला. झुडपांमागे वाळू दबली होती, बैल पडावा एवढी. ऊनऊन. मधोमध बाणाचं पातं.

जनावर नव्हतं.

"मेलं," कशे परत येऊन म्हणाला.

"आणि मांस?" कुणीतरी विचारलं.

"मला नको. ज्याला हवं त्याने जावं."

दिकाओने शहामृगाच्या अंड्याच्या कवटीतून पाणी आणलं. देबेचं डोकं मांडीवर घेतलं. एक घोट. त्याचा कंठ हलला.

बाहेर वाळू सरसरली.

काहीतरी जड उठत होतं. आधी मागचे पाय... मग पुढचे...

टक.

दिकाओने कवटी मागे घेतली. देबेने तिचं मनगट धरलं.

"दे."

"अहो, ते उठलंय."

"उठू दे. मी तहानेने मरावं आणि त्याने बाहेर उभं राहून ऐकावं, एवढंच त्याला हवंय. ते सुख मी त्याला देणार नाही."

त्याने कवटी तोंडाला लावली. आवाज करत, मुद्दाम, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

टक... टक... टक... कसलीही घाई नाही. झोपडीच्या दाराशी येऊन थांबलं. दारात उन्हाचा चौकोन जसाच्या तसा. त्यात सावली पडली नाही. चुरडलेल्या पाल्याचा गोड वास तेवढा आत आला.

देबेने तोंड पुसलं, उठला आणि बाहेर गेला.

कशे माग काढत निघाला. आमच्या भागात त्याच्यासारखा माग काढणारा नाही. झुडपांपर्यंत माणसाची पावलं होती. पुढे फक्त खूर. एकाच जनावराचे. न कललेले, सरळ चालणारे.

त्याला वर्षं झाली. दिकाओ अजून रोज दुपारी भरलेली कवटी बाहेर ठेवते. मी स्वतः पाहिलंय. शेजारच्या वाळूत संध्याकाळी खूर उमटलेले असतात.

पाणी मात्र कमी झालेलं नसतं.